डॉलरचा पगार, पेसोचं भाडं: मेक्सिकोचे एक्स्पॅट ब्लॉग कसे वाचायचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "अं... म्हणजे" काढलेत.

आजचा विषय जरा लांबचा आहे. मेक्सिकोत जाऊन राहिलेले अमेरिकन, कॅनेडियन, ब्रिटिश लोक, म्हणजे स्वतःला "एक्स्पॅट" म्हणवणारे, तिथल्या आयुष्याबद्दल भरभरून लिहितात. घर कसं मिळालं, पाणी का गेलं, टॅको कुठे खायचा, व्हिसाची रांग किती मोठी होती. गेले चार महिने मी रोज रात्री हेच वाचतोय.

का वाचतोय? तर आमच्या कंपनीची एक टीम ग्वादालाहारात आहे. हाालिस्को राज्याची राजधानी, मेक्सिकोतलं आयटीचं मोठं केंद्र. मी पुण्यातून त्यांच्याबरोबर काम करतो. साडेअकरा तासांचा फरक. तोही वर्षभर तोच, कारण २०२२ पासून मेक्सिकोच्या बहुतेक भागात घड्याळ पुढे-मागे करणं बंद झालंय. आता मला दोन वर्षं तिथेच जाऊन काम करायची ऑफर आली आहे. परभणीहून आई रोज फोनवर एकच विचारते, "तिथं धोका तर नाही ना रे?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी ब्लॉगकडे गेलो, आणि वाचता वाचता दुसरेच प्रश्न पडायला लागले. ते आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी चांगलं काय ते सांगतो

हे ब्लॉग उपयोगी आहेत, यात शंका नाही. सरकारी वेबसाइट सांगत नाही ते हे लोक सांगतात.

उदाहरणार्थ, घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. तिला तिथे "तिनाको" म्हणतात. नळाला पाणी सतत येईलच असं नाही, म्हणून टाकी. पिण्यासाठी वीस लिटरचा जार वेगळा, त्याला "गाराफोन" म्हणतात. अमेरिकेतून आलेला माणूस यावर तीन-तीन पोस्ट लिहितो. आपण वाचून हसतो, कारण परभणी असो की वाकड, टाकी भरली का हे बघणं हा आपला रोजचाच उद्योग.

मग रस्त्यावरचे आवाज. मेक्सिको सिटीत भंगारवाल्याची गाडी फिरते आणि भोंग्यावर एका लहान मुलीच्या आवाजातली रेकॉर्डिंग वाजते: जुन्या गाद्या, फ्रिज, शेगड्या, वॉशिंग मशीन विकत घेतो. तोच आवाज, तीच चाल, शहरभर. भाजलेली रताळी विकणाऱ्याच्या गाडीची वाफेची शिट्टी लांबून ऐकू येते. सुऱ्यांना धार लावणारा एक छोटी बासरी वाजवत जातो. नवीन आलेला माणूस पहिल्या महिन्यात या आवाजांनी वैतागतो आणि सहाव्या महिन्यात आवाजावरून वेळ ओळखायला लागतो.

आणि "आओरिता" हा शब्द. शब्दशः अर्थ "आत्ताच". प्रत्यक्षात पाच मिनिटं, दोन तास किंवा कधीच नाही. यावर प्रत्येक ब्लॉगवर एक पोस्ट असतेच! मला मात्र ते समजावून सांगावं लागलं नाही. अंघोळीला जायच्या आधी "निघालोच" म्हणणारी आपली माणसं.

कायद्याच्या गोष्टीही कळतात. समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमीन थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही. बँकेच्या नावाने ट्रस्ट करावा लागतो, त्याला "फिदेइकोमिसो" म्हणतात. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर तात्पुरत्या निवासाचं कार्ड काढायचं, ते वाढवत चार वर्षांपर्यंत नेता येतं, आणि पुढे कायमचं.

पण इथेच पहिला अडथळा येतो. हे सगळं लिहिलंय अमेरिकन पासपोर्टवाल्याने, त्याच्यासारख्याच लोकांसाठी. तो विमानात बसतो आणि जातो. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा हातात असेल तर पर्यटक म्हणून त्याच्यावर जाता येतं, नसेल तर कागदपत्रं घेऊन वकिलातीत जायचं. त्यामुळे "एकदम सोप्पं आहे, फक्त तिकीट काढा" हे वाक्य वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: कुणासाठी सोप्पं?

ही सवय जुनी आहे

हे इंटरनेटमुळे सुरू झालं असं वाटत असेल तर थांबा. फॅनी काल्देरॉन दे ला बार्का नावाची एक स्कॉटिश बाई होती. स्पेनने स्वतंत्र मेक्सिकोत जो पहिला राजदूत पाठवला, त्याची ही बायको. १८३९ ते १८४२ ती तिथे होती आणि घरी लांबलचक पत्रं लिहायची: बाजार, मठ, दरोडेखोर, मेजवान्या, नोकर, कपडे, मधेच एखादी क्रांती. १८४३ मध्ये त्याचं "लाइफ इन मेक्सिको" हे पुस्तक निघालं. माणसांची पूर्ण नावं न देता आद्याक्षरं आणि रेघा छापल्या होत्या. तरी मेक्सिकोतल्या वर्तमानपत्रांना ते झोंबलंच. आमच्या घरात जेवून आमच्याबद्दल हे लिहिलं? असा सूर होता.

पण त्या पुस्तकात मला एक गोष्ट फार आवडली. पुल्के नावाचं एक पेय आहे, मॅगे या घायपातासारख्या झाडाच्या रसाला आंबवून केलेलं. सुरुवातीला बाईला त्याचा वासही सहन होत नाही. पुढे तेच तिला आवडायला लागतं. बैलांच्या झुंजीबद्दलही तिचं मत असंच हळूहळू बदलतं. पत्रं तारखेने लावलेली असल्यामुळे हा बदल आपल्याला दिसतो.

म्हणून माझी पहिली टिप: ब्लॉग सगळ्यात जुन्या पोस्टपासून वाचा. ब्लॉग या शब्दातच "लॉग" आहे. आम्ही सर्व्हरचा लॉग शेवटची ओळ बघून बंद करत नाही, मागे जाऊन बघतो की बिघाड कधी सुरू झाला. तसंच हे. पहिले तीन महिने सगळं स्वर्ग असतं. मग प्लंबर, बँक, बॅकअप नसलेली वीज, आणि चिडचिड. त्यानंतर दोन वाटा फुटतात. काही जण स्पॅनिश शिकतात आणि त्यांच्या लिखाणात शेजाऱ्यांना नावं, स्वभाव, मतं येतात. काही जण शिकत नाहीत, आणि दहा वर्षांनीसुद्धा "इथली माणसं किती हसतमुख आहेत" एवढंच लिहितात. कुठला ब्लॉग कुठल्या वाटेने गेला हे जुन्या पोस्टपासून वाचल्याशिवाय कळत नाही.

"स्वस्त" हा शब्द

या लिखाणात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कुठला असेल? "स्वस्त".

सान मिगेल दे आयेंदे हे गाव घ्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना सरकार शिक्षणाचा खर्च देत होतं. तो पैसा इथल्या कलाशाळेत शिकण्यासाठीही वापरता यायचा. १९५० मध्ये तिथे इन्स्टिट्यूटो आयेंदे सुरू झालं, तरुण सैनिक आले, काही राहिले, मागून चित्रकार, लेखक, पेन्शनर आले. २००८ मध्ये गावाला युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला. तसंच चापाला सरोवर, मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं. त्याच्या काठावरचं अहीहिक हे मासेमारांचं गाव आज अमेरिकन आणि कॅनेडियन निवृत्तांचं मोठं ठिकाण आहे. ग्वादालाहाराहून तासाभराचा रस्ता.

आणि मग २०२० नंतर लॅपटॉपवाले आले. मेक्सिको सिटीच्या रोमा आणि कोंदेसा या भागांत कॅफे भरले. ऑक्टोबर २०२२ मध्ये शहर सरकारने, तेव्हा प्रमुख होत्या क्लाउडिया शेनबॉम, ज्या आज देशाच्या राष्ट्राध्यक्ष आहेत, एअरबीएनबी आणि युनेस्कोबरोबर करार केला, की रिमोट काम करणाऱ्यांना शहरात आणूया. ४ जुलै २०२५ ला, म्हणजे बरोबर अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्याच भागात भाडेवाढीविरुद्ध मोर्चा निघाला. काही दुकानांच्या काचाही फुटल्या.

आता यात दोष ब्लॉगवाल्याचा का? सगळा नाही. घरं थोड्या दिवसांच्या भाड्याला लावणारे मालक बरेचसे मेक्सिकनच आहेत. करार सरकारने केला. शहरात पुरेशी परवडणारी घरं बांधली गेली नाहीत, हे जुनं दुखणं आहे. पण गणित बघा. ज्याचा पगार डॉलरमध्ये येतो त्याला जे भाडं "स्वस्त" वाटतं, ते त्याच इमारतीत वीस वर्षं राहणाऱ्या शाळामास्तरला पेसोच्या पगारात भरायचं असतं. ब्लॉगवर लिहिलेलं "इतक्या डॉलरमध्ये मस्त फ्लॅट" हे वाक्य वाचक वाचतो आणि घरमालकही वाचतो.

माझ्या ग्वादालाहाराच्या टीममधला एक सहकारी आहे. त्याच्या बहिणीला रोमामधलं घर सोडावं लागलं. मी त्याला विचारलं, राग येतो का? तो म्हणाला, माणसांचा नाही येत, "इथे राहणं परवडतं" असं कुणी म्हटलं की येतो, कारण त्या "परवडतं"मध्ये आम्ही नसतो. मला हे लगेच समजलं. गोव्यात आसगाव-हणजूणकडे दिल्ली-मुंबईचे लॅपटॉपवाले आले तेव्हा तिथल्या लोकांनी हेच म्हटलं होतं. आणि हिंजवडीच्या पगारावर वाकडमध्ये फ्लॅट घेणारे आम्ही, त्या गावातल्या भाडेकरूला कसे दिसत असू?

जे लिहिलं जात नाही

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. धोका आहे का?

ब्लॉगवरचं ठरलेलं उत्तर असं: "मी इथे बारा वर्षं राहतोय, मला काहीच झालं नाही." हे खोटं नाही. पण ज्याच्याबरोबर काही झालं, तो ब्लॉग बंद करून परत गेलेला असतो. आपल्याला फक्त राहिलेल्यांचा आवाज ऐकू येतो.

शिवाय "मला" या शब्दाकडे लक्ष द्या. मेक्सिकोत सरकारी नोंदीनुसार बेपत्ता माणसांचा आकडा मे २०२२ मध्ये एक लाखाच्या वर गेला. हाालिस्को या यादीत अगदी वरच्या राज्यांत आहे. हरवलेले बहुतेक मेक्सिकनच. ग्वादालाहारात नीन्योस हेरोएस नावाचा एक मोठा चौक आहे. हरवलेल्यांच्या घरच्यांनी तिथे फोटो आणि माहितीचे कागद लावले, आणि चौकाला नवीन नाव दिलं: बेपत्ता माणसांचा चौक. तिथून तासाभरावर अहीहिक. सरोवराच्या काठच्या सूर्यास्ताचे फोटो आणि चौकातले हे फोटो, दोन्ही एकाच राज्यातले, दोन्ही खरे.

मग ब्लॉगवाले यावर का लिहीत नाहीत? काहींना कळतच नाही, कारण स्पॅनिश येत नाही. पण एक कायद्याचं कारणही आहे. मेक्सिकोच्या राज्यघटनेचं कलम ३३ सांगतं की परदेशी माणसाने देशाच्या राजकारणात कुठल्याही प्रकारे पडायचं नाही. पूर्वी तर सरकारला सुनावणीशिवाय परदेशी माणसाला हाकलता यायचं. २०११ च्या दुरुस्तीनंतर सुनावणीचा हक्क आला, पण राजकारणाबद्दलची अट कायम आहे. कोण राजकारण म्हणेल आणि कशाला म्हणेल, हे आधी कसं कळणार? म्हणून शहाणा माणूस टॅकोवर लिहितो. एचवनबीवर असलेले आपले मित्र सोशल मीडियावर काय टाकतात आणि काय टाकत नाहीत, ते आठवा. तेच आहे हे.

आणि जे स्थानिक लोक लिहितात त्यांचं काय होतं? टेक्सासच्या सरहद्दीवर नुएवो लारेदो नावाचं शहर आहे. मारिया एलिझाबेथ मासियास ही तिथली पत्रकार. वर्तमानपत्रांना टोळ्यांबद्दल छापायची भीती, म्हणून ती टोपणनावाने इंटरनेटवर टाकायची. सप्टेंबर २०११ मध्ये तिला मारलं आणि मृतदेहाजवळ तिच्या टोपणनावाचा उल्लेख असलेली चिठ्ठी ठेवली. सोशल मीडियावरच्या पत्रकारितेमुळे झालेला हा जगातला पहिला खून म्हणून पत्रकार संरक्षण समितीने नोंदवला आहे.

एकाच देशात, एकाच वर्षी, एक जण गीझर बिघडल्याची गमतीदार पोस्ट टाकतो आणि दुसरीला पोस्टसाठी मारतात. गीझरवाल्याने लिहू नये असं माझं म्हणणं नाही. पण वाचणाऱ्याने लक्षात ठेवायचं, की शांतता दिसते त्यातली काही शांतता खरी असते आणि काही फक्त न लिहिल्यामुळे दिसते.

राहणारे आणि रुजणारे

सगळं असंच आहे असं नाही. १९ सप्टेंबर २०१७ चा भूकंप आठवा. १९८५ च्या भूकंपाची तीच तारीख, म्हणून सकाळीच शहरभर सराव झाला होता, आणि दोनेक तासांत खरा धक्का आला. लोक हातोहात ढिगारे उपसत होते. कुणी मूठ वर केली की सगळे गप्प, कारण खालून आवाज येतोय का ते ऐकायचं. त्या रांगांमध्ये उभं राहिलेल्या परदेशी माणसांनी नंतर जे लिहिलं, त्यात "स्वस्त" हा शब्द मला सापडला नाही.

डायना केनेडी ही ब्रिटिश बाई १९५७ मध्ये मेक्सिकोत आली. गावोगाव फिरून स्वयंपाक शिकली, कुठली कृती कुणाकडून शिकली ते लिहीत गेली, आणि २०२२ मध्ये मिचोआकानमधल्या आपल्या घरीच वारली. मेक्सिकोने तिला आपला मोठा सन्मान दिला. पाहुण्याने लिहावं कसं, याचा हा एक नमुना.

आणि एक आपला माणूस. पांडुरंग खानखोजे, मूळचे वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज मागावर, म्हणून देशोदेशी फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेराने रोजच्या भाकरीवर एक चित्र काढलंय, त्यात जेवणाच्या टेबलाशी खानखोजे आहेत. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात गेले. चापिंगोला २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसवला. त्यांना कुणी "एक्स्पॅट" म्हटलं नाही. ते आश्रयाला आलेले होते. डॉलर नव्हते, परतीचं तिकीट नव्हतं. "इथे मला किती स्वस्त पडतं" यापेक्षा "इथे मी काय उपयोगाचा" हा प्रश्न त्यांच्यासमोर होता.

तर मग करायचं काय?

परदेशातल्या आयुष्याबद्दल काहीही वाचताना, मग ते मेक्सिको असो, जर्मनी असो की दुबई, मी आता चार गोष्टी बघतो.

एक, लिहिणाऱ्याचा पासपोर्ट कुठला आणि पगार कुठल्या चलनात?

दोन, तिथे येऊन किती दिवस झाले? तीन महिने आणि तीन वर्षं यांची पोस्ट वेगवेगळी वाचायची.

तीन, तिथली भाषा येते का? लिखाणात स्थानिक माणूस बोलतो, की फक्त हसतो?

चार, कशाबद्दल एक शब्दही नाही? त्या विषयासाठी तिथली वर्तमानपत्रं वाचायची. ट्रान्सलेट बटण दाबून का होईना.

मी ऑफरला हो म्हटलंय. आईला "धोका नाही" असं सांगितलं नाही. ते खरं नाही. धोका कुणाला जास्त, कुठे जास्त, रात्री कसं जायचं-यायचं, कंपनी कुठली जबाबदारी घेणार, हे एका कागदावर मराठीत लिहून पाठवलं. ऑफिसच्या वेळेव्यतिरिक्त रोज तासभर स्पॅनिश चालू आहे. घर बघताना त्या सहकाऱ्याला आधी विचारणार आहे, की या गल्लीत पेसोमध्ये कमावणारा माणूस किती भाडं देतो, आणि तेवढंच देण्याचा प्रयत्न करणार.

तिथून लिहीन का? लिहीन. पहिले सहा महिने मात्र काहीच नाही. तोवर ऐकायचं.

तुमच्यापैकी कुणी बाहेर राहत असाल, तर मला एवढंच कळवा: तुमच्या शहराबद्दलची अशी कोणती गोष्ट आहे, जी तिथे राहणारे आपले लोक कधीच लिहीत नाहीत? व्हॉइस नोट चालेल. नाव नको असेल तर घेणार नाही. पुढच्या एपिसोडमध्ये त्यावरच बोलू. काळजी घ्या. येतो!